दाढ गेली, पण जबडा?

"काढून टाका एकदाची!" असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्हीही झालो होतो. २०१९ साली सुट्टीत पुण्याला गेलो असताना ह्यांची खालची किडकी दाढ काढून घेतली. अमेरिकेच्या मानाने खर्च किरकोळ, वर सासूबाईंच्या हातचा मऊ वरणभात! तीन वर्षांनी इथे इम्प्लांट बसवायला गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहून मान हलवली. स्क्रू बसवायला पुरेसं हाडच उरलं नव्हतं.

जबड्याचा जो भाग दातांची मुळं धरून ठेवतो, तो दातांच्या जिवावरच जगतो. बिऱ्हाड हललं, की घर खचायला लागतं. वर्षभरात त्या जागी हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच! गालाकडची भिंत आधी जाते. पुढच्या दातांपाशी तर ती बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते.

यावरचा उपाय दात काढतानाच करायचा असतो. दात अलगद काढून खड्ड्यात हाडाचे बारीक दाणे भरतात, वर पातळ पडदा ठेवून टाके घालतात. चार-सहा महिन्यांत त्या दाण्यांच्या आधाराने आपलं हाड धरतं. झीज पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. नंतरही हाड भरता येतं. मात्र ती वेगळी शस्त्रक्रिया, वेगळं बिल. (ते आम्ही भरलं.) अक्कलदाढेला सहसा याची गरज नसते. विमा सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्यावं.

आणि हे दाणे कशाचे? हे मात्र कोणी आपणहून सांगितलं नाही. ते गाईच्या हाडाचे असू शकतात, मृत दात्याच्या हाडाचे किंवा कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे. पडदाही पुष्कळदा गाईच्या किंवा डुकराच्या कोलॅजनचा असतो.

सासूबाई आता इथेच असतात. गेल्या वर्षी त्यांची दाढ काढायची वेळ आली, तेव्हा आम्ही आठवडाभर आधीच फोन करून हे विचारलं. त्या आयुष्यभर कांदालसूणसुद्धा न खाणाऱ्या. सगळे प्रकार शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला आपलं ते कारखान्यातलं घाला."