एअर रायफलचा दस्ता घरी दुरुस्त करताय? आधी स्क्रू आणि पाना नीट निवडा!

कोल्हापूर : राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले आणि गावोगावच्या पोरांच्या डोक्यात नेमबाजी शिरली. सुरुवात बहुतेकांची 10 मीटर एअर रायफलनेच होते. रायफल बऱ्याचदा जुनी, दुसऱ्याने वापरलेली असते. दस्ता पोराच्या हाताला मोठा पडतो, गाल नीट टेकत नाही, स्क्रू ढिले होतात. मग घरीच दुरुस्ती सुरू होते. यातली काही कामं घरी बिनधास्त करता येतात, काहींना हातसुद्धा लावायचा नाही. हा फरक समजून घेऊया.

हात कुठे लावायचा, कुठे नाही?

दस्त्याचे स्क्रू आवळणे, मागची रबरी पट्टी बदलणे, गालाखाली उंची वाढवणे, पट्ट्यासाठी कडी बसवणे ही घरची कामं. नळी, आतली स्प्रिंग, हवेची टाकी आणि चाप ही घरची कामं नाहीत.

त्याचं कारण सरळ आहे. स्प्रिंग रायफल लोड केलेली नसली तरी आतली स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. मागचं बूच काढलं की ती जोरात बाहेर येते, डोळा जाऊ शकतो. टाकीवाल्या स्पर्धेच्या रायफलमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा भरतात. ट्रकच्या टायरमध्ये 8 बारच्या आसपास असते, म्हणजे हा दाब 25 पट झाला.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटर म्हणजे पॉइंट 177 बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. जोरदार स्प्रिंग टाकून ताकद या मर्यादेच्या वर नेली, तर तीच रायफल विनापरवाना शस्त्र ठरू शकते.

घरातल्या परवान्याच्या बंदुकीचा तर विषयच वेगळा. तिची दुरुस्ती किंवा बदल परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावा लागतो. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 2019 साली झालेल्या सुधारणेनंतर बेकायदा बंदूक बनवणे, तिची नळी कापणे किंवा खेळण्यातल्या बंदुकीची खरी बंदूक करणे यासाठी किमान 7 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. "गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं" हे कोर्टात चालत नाही.

स्क्रू ड्रायव्हर : खाचेत घट्ट बसणारा हवा

रायफलच्या स्क्रूचं डोकं खराब होतं ते बहुतेक वेळा चुकीच्या ड्रायव्हरमुळे. घरातल्या साध्या ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. जोर लावला की ते खाचेतून वर सरकतं, डोकं झिजतं आणि दस्त्यावर ओरखडा पडतो. टोक खाचेइतकं जाड आणि रुंद हवं. टोकाच्या दोन्ही बाजू समांतर असलेला ड्रायव्हर मिळाला तर उत्तमच. नाही तर जुन्या ड्रायव्हरचं टोक कानशीने हळूहळू घासून खाचेच्या मापाचं करता येतं. ग्राइंडरवर धरू नका, पोलाद तापून मऊ पडतं.

एलन-की : मिलिमीटरचीच घ्या

स्पर्धेच्या रायफलवर बहुतेक षटकोनी खड्ड्याचे स्क्रू असतात. गोल उभ्या डोक्याच्या एम-4 स्क्रूला 3 मिलिमीटरची, एम-5 ला 4 ची आणि एम-6 ला 5 ची एलन-की लागते. इंची सेटमधली की "जवळपास बसते" म्हणून वापरली, तर खड्डा गोल होतो आणि स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो.

नवीन स्क्रू घेताना या 4 गोष्टी बघा

1. जाडी आणि आटे : जुना स्क्रू सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. नेहमीच्या एम-4 चे आटे 0.7, एम-5 चे 0.8 आणि एम-6 चे 1 मिलिमीटर अंतरावर असतात. नवीन स्क्रू हाताने सहज फिरला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला अडला तर आटे वेगळे आहेत. पान्याने जबरदस्ती केली तर रायफलचे आटे जातील.

2. लांबी : आखूड स्क्रू आटे उपटून बाहेर येतो. लांब स्क्रू आत जाऊन चापाच्या यंत्रणेला अडू शकतो. जुन्याइतकीच लांबी घ्या. मध्ये पट्टी किंवा वॉशर टाकला असेल तर तेवढीच जाडी वाढवा.

3. दर्जा : डोक्यावर 8.8 किंवा 12.9 असा आकडा असलेला स्क्रू मजबूत. काहीच न लिहिलेला स्वस्त स्क्रू आवळताना तुटू शकतो.

4. डोक्याचा आकार : बसक्या डोक्याच्या जागी उभं डोकं बसवू नका. स्क्रू टेकतो एका कडेवर आणि लाकडाला चीर जाते.

सारखा ढिला होतो, मग काय करायचं?

स्प्रिंग रायफल प्रत्येक फैरीला पुढे-मागे असे दोन झटके देते, त्यामुळे पुढच्या बाजूचे दस्त्याचे स्क्रू आधी सैल होतात. छर्रे अचानक इकडे-तिकडे जायला लागले तर नेम बदलण्याआधी हे स्क्रू तपासा.

आटे पेट्रोलने पुसून कोरडे करा आणि निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा. निळा नंतर साध्या हत्याराने सुटतो. लाल लावला तर स्क्रू बराच तापवावा लागतो आणि तेवढ्यात लाकूड जळतं. फेव्हिक्विक किंवा एम-सील तर अजिबात नको.

आवळताना एलन-कीची लांब बाजू खड्ड्यात घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा, म्हणजे जास्त जोर लागतच नाही. कंपनीच्या पुस्तिकेत आवळण्याचं माप दिलं असेल तर तेच पाळा. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. म्हणून ऋतू बदलला की एकदा स्क्रू बघायचेच.

पट्टी आणि कडी बसवताना

कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोट चापापर्यंत आरामात पोचलं तर लांबी साधारण बरोबर. पोर वाढतंय म्हणून दस्ता लांब करायचा असेल तर मागे 6 मिलिमीटर प्लायवूडची पट्टी टाका आणि स्क्रूही 6 मिलिमीटर लांब घ्या. लाकूड कापायची घाई करू नका, कापलेलं परत जोडता येत नाही.

कडीसाठी 4 मिलिमीटरचा लाकडी स्क्रू असेल तर आधी 2.5 ते 3 मिलिमीटरचं भोक पाडा. किती खोल जायचं ते कळायला ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळा. स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावलं की लाकूड चिरत नाही.

सुरुवात करण्याआधी

छर्रा आत नाही आणि रायफल ताणलेली नाही, हे दोनदा तपासा. नळी मोडून लोड करायची रायफल उघडी ठेवून काम करू नका. नळी फटकन मिटली तर बोटं जातात. नळीचं तोंड माणसं आणि जनावरं नसलेल्या दिशेला ठेवा. काम झाल्यावर तपासायला म्हणून झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरू नका, मोरासारख्या पक्ष्याला छर्रा मारणं म्हणजे वन्यजीव कायद्याखाली शिकारच. मागे मातीचा भराव असलेल्या कागदी निशाण्यावर 5 छर्रे मारा, स्क्रू पुन्हा एकदा तपासा आणि मगच पोराच्या हातात रायफल द्या.