काळा कोट आणि काळी काच

"वकिलाने वेल्डिंग कशाला शिकायचे?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हाला परक्यांनी कमी आणि आपल्याच माणसांनी जास्त विचारला. त्यांचा राग आम्हाला कळतो. दुसऱ्यांनी ठरवून दिलेली कष्टाची कामे ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली, त्या आई-बापांनी पोटाला चिमटा काढून पोरांना शिकवले ते ही कामे सुटावीत म्हणून. आता तेच पोर पंचेचाळिशीत काळा कोट खुंटीला अडकवून हातात होल्डर धरते, याला काय म्हणावे? पण या प्रश्नात एक घोटाळा आहे.

आमच्यावर लादले गेले ते कष्ट. कौशल्य नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईखात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याने सवर्ण कामगार बाटत असे! जास्त मजुरीचे खाते नेमके तेच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेचा हिशेब मांडला. आमचा माणूस गँगमन म्हणून लागतो, गँगमन म्हणूनच राहतो. वर्कशॉपातली मेकॅनिकची जागा त्याच्यासाठी नसते. म्हणजे घण मारायला आमचा हात चालत होता, हत्याराचे ज्ञान मात्र आमच्या हाती नको होते. जन्माने गळ्यात पडलेले काम आणि आपण होऊन शिकलेली विद्या यांना एकाच तराजूत घालणारे आमचे मित्र हा इतिहास विसरतात.

आम्ही हे शिकतो आहोत दरेकसाला. सालेकसा तालुक्यातले, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे, महाराष्ट्राच्या टोकाचे हे गाव. पुढे डोंगर आणि बोगदा, मग छत्तीसगड. हाजरा धबधबा आणि कचारगडची यात्रा यासाठी लोक इकडे येतात. रूळ कोणी बघत नाही. रूळ जोडणे हीसुद्धा वेल्डिंगच. ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचे ऑक्साइड यांचे मिश्रण पेटवले की सुमारे अडीच हजार अंशांची उष्णता निघते आणि वितळलेले पोलाद साच्यात उतरून दोन टोके एक करते. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये ही रीत काढली. लोखंडाची विद्या या मुलखाला नवी नाही. उत्तरेला मैकल डोंगररांगांत अगरिया आदिवासी मातीच्या भट्टीत लोखंड गाळत असत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर ग्रंथच लिहिला. ज्यांनी लोखंड गाळले त्यांच्या घरी सोने कधी आले नाही, हा भाग वेगळा.

आमचे गुरुजी आमच्या निम्म्या वयाचे आहेत. आयटीआय झालेला हा तरुण गेट आणि ग्रिल बनवतो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितले, "वकीलसाहेब, उजेडाकडे नोका पाहू जी, लोहा कसा वाहते ते पाहा." सगळे शिक्षण या एका वाक्यात आहे. काळ्या काचेतून आधी फक्त एक हिरवट ठिणगी दिसते. आठ-पंधरा दिवसांनी त्या ठिणगीमागे वितळलेल्या लोखंडाचे इवलेसे तळे दिसू लागते. ते तळे पुढे नेणे म्हणजे वेल्डिंग. रॉड जवळ गेला तर चिकटतो, लांब गेला तर ठिणग्या उडतात आणि जोड पोकळ राहतो. तीन मिलिमीटरच्या आसपासच्या साध्या ६०१३ रॉडला शंभर अँपिअरच्या आगेमागे करंट लागतो. रॉडवरचा लेप जळून जो धूर होतो तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. वर जमलेली मळी थंड झाल्यावर ठोकून काढायची, मग खालचा जोड खरा की खोटा ते कळते. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरले की मशीन मान टाकते, म्हणून आम्ही पहाटे बसतो. पावसाळ्यात रॉड ओल धरतात, ते बंद डब्यात ठेवावे लागतात. कोर्टात तारीख पुढची मिळते. इथे निकाल तिथल्या तिथे लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गावोगावच्या दुकानांत पोरे टाका मारताना नुसते डोळे मिटून तोंड फिरवतात. त्या उजेडातले अतिनील किरण डोळ्याचा वरचा पडदा भाजतात, आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. मग बटाट्याच्या चकत्या ठेवा, दूध घाला. गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या जस्ताचा धूर अंगात गेला की थंडीताप भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला आहे. २०१७ मध्ये त्यांच्या तज्ज्ञांनी हा निष्कर्ष काढला.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ ने डोळ्यांसाठी पडदा किंवा चष्मा देणे बंधनकारक केले होते. पण वीज वापरणारा कारखाना ठरायला दहा कामगार लागत. कलम ८५ ने राज्य सरकारला लहान जागांनाही तो कायदा लावण्याचा अधिकार दिला होता. त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने कारखान्यासाठी दहाचे वीस केले. तीन पोरांचे फॅब्रिकेशनचे दुकान आधीही बाहेर होते, आता तर आणखी दूर गेले. या तीन पोरांत कोणाची पोरे असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून कायदा बदलेपर्यंत आम्ही एक साधा मार्ग धरला आहे. गेट, जिना, शेड यांची ऑर्डर देताना आम्ही कागदावर एक ओळ लिहून घेतो: काम करणारा प्रत्येक जण काचेचे हेल्मेट आणि हातमोजे घालील, नसतील तर त्यांची किंमत बिलात लावावी. एका लोखंडी गेटच्या मजुरीपुढे हेल्मेटची किंमत ती काय? विहाराच्या वाचनालयासाठी पुस्तकांचा घोडा करायला घेतला आहे. त्याचे आडवे जोड आम्ही मारले, उभे जोड गुरुजी मारणार आहेत, आणि त्या कागदावर ही ओळ सर्वांत वर आहे.