नेआंडर दरींतील आप्त

जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरानजीक नेआंडर नांवाची दरी आहे. तेथें चुनखडीच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांस सन १८५६ मध्यें एका गुहेंत कांहीं हाडें सांपडलीं. तीं अस्वलाचीं असावींत असें त्यांस वाटलें. परंतु योहान फूलरोट ह्या शाळाशिक्षकानें तीं अतिप्राचीन मानवाचीं असल्याचें ओळखलें. फिरशॉव ह्या विख्यात वैद्यानें तीं कोणा रोगग्रस्त अर्वाचीन मनुष्याचीं ठरविलीं. पण पुढें इतरत्रहि तसेच सांगाडे मिळाले व शिक्षकाचेंच म्हणणें खरें ठरलें.

ह्या मानवाच्या भुवयांचें हाड पुढें आलेलें व हनुवटी बसकी होती. मेंदू मात्र आपल्याएवढाच मोठा होता. तरी पुष्कळ काळ त्यास पशुतुल्य लेखीत. इराकांतील शानिदार गुहेंत १९५७ सालीं मिळालेल्या सांगाड्याचा उजवा हात निकामी व एक डोळा अधू झालेला होता. ह्या जखमा मरणापूर्वीं कित्येक वर्षें भरून आलेल्या होत्या. सोबत्यांनीं सांभाळल्यावांचून असा मनुष्य इतकीं वर्षें जगता काय?

सुमारें ४०,००० वर्षांपूर्वीं ही जात लोपली. परंतु २०१० सालीं स्वांते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याचें वाचन प्रसिद्ध केलें; त्यावरून आफ्रिकेबाहेरील लोकांत, अर्थात् आपणां भारतीयांतहि, शेंकडा एक ते दोन भाग तिचा असल्याचें कळलें. म्हणून कोणासहि रानटी म्हणण्यापूर्वीं आपण थांबून विचार करावा, असें आम्हांस वाटतें. तो कदाचित् आपलाच आप्त असेल.