कोरोना छातीत, कसोटी यकृताची

कोरोना छातीत उतरतो, धाप लागते, ऑक्सिजन खाली येतो. मग ज्याचं यकृत आधीच बिघडलंय, तोच माणूस या आजारात इतरांपेक्षा आधी का ढासळतो?

उत्तर रक्ताच्या वाटेवर आहे. आतड्यातून निघालेलं जवळजवळ सगळं रक्त आधी यकृतात येतं आणि मगच हृदयाकडे जातं. यकृत म्हणजे वाटेवरचा तपासणी नाकाच! इथल्या कुप्फर पेशी रक्तातून आलेले जंतू चक्क गिळून टाकतात. रक्त गोठवणारी आणि जंतूंशी लढणारी कितीतरी प्रथिनंही इथेच तयार होतात. सिरोसिसमध्ये यकृत व्रणांनी कडक होतं आणि बरंचसं रक्त त्याला वळसा घालून पुढे निसटतं. म्हणजे कोरोना येण्याआधीच प्रतिकारशक्ती थकलेली!

2020 मध्ये 29 देशांतल्या डॉक्टरांनी यकृताचा जुना आजार असलेल्या 745 कोरोनाबाधितांच्या नोंदी एकत्र केल्या. सिरोसिस नसलेल्यांपैकी 8 टक्के दगावले, सिरोसिस असलेल्यांपैकी 32 टक्के. सिरोसिस शेवटच्या टप्प्यावर असेल, तर निम्मे. आणि हे मृत्यू कशाने झाले? बहुतेक फुप्फुस निकामी होऊन! यकृत दुबळं, पण घाव छातीवर. उलटही घडलं. काहींना खोकला नाही, दम नाही. नुसतं पोटात पाणी भरलं किंवा माणूस बरळू लागला, आणि तपासणीत कोरोना निघाला.

आता याहून नवलाची गोष्ट. यकृत बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सहसा जन्मभर घ्यावी लागतात. त्याचं काय झालं असेल? अशा 151 जणांची नोंद झाली: मृत्यू 19 टक्के. प्रत्यारोपण न झालेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांत ते 27 टक्के होते. वय आणि इतर आजार यांनी जीव धोक्यात आणला; प्रत्यारोपणाने स्वतंत्रपणे धोका वाढवलेला दिसला नाही. मला तरी या साऱ्या संशोधनातला हाच आकडा सर्वांत दिलासा देणारा वाटतो.

अजून एक. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-2 नावाच्या दारातून, आणि यकृताच्या पित्तनलिकांत ही दारं भरपूर. केंब्रिजच्या संशोधकांनी पित्ताच्या आजारावरची जुनी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. प्रत्यारोपणाला न चाललेलं माणसाचं यकृत त्यांनी यंत्रावर जिवंत ठेवलं, त्यात हे औषध सोडलं, आणि दारं कमी झाली! मात्र हे झालं प्रयोगशाळेत. म्हणून ती गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही.

हे रिठदसारख्या गावात कशाला सांगायचं? कारण रिसोड तालुक्यातल्या अशा गावांत गुळवेल ओळखीची, आणि कोरोनाच्या काळात तिचा काढा घरोघरी उकळला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणूनच ना? पण सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, आणि त्यांतल्या काहींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. ती वेल दुसऱ्याच जातीची असू शकते, असं त्याचं म्हणणं. वाद असू द्या. तुम्हाला कावीळ, हिपॅटायटिस किंवा सिरोसिस असेल, तर काढ्याचा पेला तोंडाला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि कोरोनाची साधी लक्षणं दिसली तरी तपासणीला उशीर करू नका.