टायरवरचे चार आकडे

शर्यतीची गाडी वरून कितीही चकचकीत असो, खरा धोका लपलेला असतो. नाशिकच्या कार रॅलीसारख्या स्पर्धांत म्हणूनच सुरुवातीआधी प्रत्येक गाडी तपासतात. हौशी मंडळी मात्र टायरची नक्षी खोल दिसली की 'नवाच आहे' म्हणून मोकळी होतात. पण रबर नुसतं पडून राहिलं तरी उन्हानं, उष्णतेनं, हवेनं कडक होतं, पकड सुटते. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे गाडीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात भरधाव वेगाबरोबर या जुन्या टायरांनाही कारण ठरवलं गेलं.

टायरच्या कडेला 'डीओटी'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, कधीकधी आतल्या बाजूला. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा.

ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी शोषतं. मग ते लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि ऐन वळणावर पेडल सरळ खाली जातं.

आता आपल्या रिठदात रेसकार कुठली! पण मुलांना नेणारी व्हॅन आहे ना? सहावीच्या मुलांना वही देऊन उभ्या गाड्यांचे आकडे टिपायला लावा, टायरचं वय काढू द्या. वजाबाकीचा तास होतो. सुरुवात त्या व्हॅनपासूनच करा.