छोट्या व्यवसायात लेखी कार्यपद्धती व नियोजनाचे महत्त्व

प्रस्तावना

आपल्या भागातील पुष्कळ छोटे व्यवसाय मालकाच्या आठवणीवर चालतात. उधारी कोणाकडे, माल कधी मागवायचा, कोणाला काय भाव, हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात असते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मिरचीचा व्यापार करीत. ते अचानक वारले. ज्यांचे देणे होते ते दारात आले; ज्यांच्याकडून येणे होते त्यांची नावे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हती. धंदा तोट्यात नव्हता, तरी तो बुडाला. आपल्या वर्गातील अनेक मुले उद्या असेच व्यवसाय सांभाळणार आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडक्यात विचार केला आहे.

परंपरेतील आधार

लेखी कारभार आपल्याला परका नाही. दफ्तर, दस्तऐवज, हिशेब, कारखाना हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी व उर्दू दोन्ही भाषांत रुळले. रोजकीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही. फडणीस हा शब्द 'फर्दनवीस'वरून आला.

पवित्र कुरआनमधील सर्वांत मोठी आयत (सूरह अल-बकरा, २८२) देण्याघेण्याच्या लेखनाविषयीच आहे. मुदतीचे कर्ज लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवावे. लेखकाने न्यायाने लिहावे. मजकूर कर्जदाराने सांगावा आणि साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. हातोहात रोखीच्या व्यवहाराला मात्र लेखनातून सूट आहे. म्हणजे गरज तेथे लेखन, उगाच कागद नव्हे.

उसाचे उदाहरण

संकेश्वर परिसरातील विद्यार्थ्याला साखर कारखान्याचा ऊसपुरवठा जवळून माहीत असतो. प्रथम लागणीची नोंद होते : तारीख, जात, क्षेत्र. जुलै-ऑगस्टमधील आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांनी पक्व होतो, तर जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांनी. त्यावरून तोडणीचे पाळीपत्रक ठरते. मग तोडचिठ्ठी, वजनकाटा आणि वजनाची पावती. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन व साखर दोन्ही घटतात, म्हणून तो २४ तासांच्या आत गाळणे चांगले. पाळी चुकली तर शेतकरी व कारखाना दोघांचेही नुकसान होते.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे वेगळा लेखी करार नसल्यास ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. हे १४ दिवस कधीपासून मोजायचे, याचा पुरावा शेतकऱ्याच्या हातात एकच : पावती. लेखी पद्धत दुबळ्या पक्षाचे रक्षण करते ते असे.

कार्यपद्धती कशी लिहावी

प्रत्येक कामासाठी पाच प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहावीत : (१) काम कोणते? (२) कोणी करायचे? (३) केव्हा? (४) नोंद कोठे? (५) चुकल्यास काय? उदाहरणार्थ, उधारी : दुकानावर बसणाऱ्याने माल देतानाच वहीत लिहावे, गिऱ्हाइकाची सही घ्यावी, दर शुक्रवारी बाकी काढावी, मुदत टळल्यास नवी उधारी थांबवावी. याच नोंदींतून पुढील हंगामाचे नियोजन होते : कोणता माल केव्हा खपला आणि भांडवल कोठे अडकले, हे त्यातूनच कळते.

मात्र कागदांचा ढीग म्हणजे कार्यपद्धती नव्हे. आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीनेही गुणवत्ता पुस्तिकेची सक्ती काढून टाकली व आवश्यक तेवढ्याच लेखी माहितीवर भर दिला. मूल्यांकन समिती येणार म्हणून आदल्या महिन्यात सजवलेल्या फायली आपण शिक्षकांनी पाहिलेल्या आहेतच. नोंद काम होत असतानाच व्हावी, तरच तिचा उपयोग.

समारोप

प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्या किंवा शेजारच्या व्यवसायातील एका कामाची कार्यपद्धती लिहून आणण्यास सांगावे. ती त्या व्यवसायात नसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचावी. केवळ ते पान वाचून तो काम करू शकला, तर लेखन साधले असे समजावे. मालक नसतानाही दुकान उघडे राहील, ही तयारी आपण वर्गातूनच करून देऊ शकतो.