सपाट कागद, गोल दंड

मनगटापासून कोपरापर्यंत सरळ खंजीर गोंदायचा आहे. गिऱ्हाइकाने तळहात वर करून हात टेबलावर ठेवला, स्टेन्सिल उमटवलं, पातं अगदी नीट बसलं. मग तो उभा राहिला, हात सहज खाली सोडला आणि पात्याला पीळ पडला. तळहात फिरतो तेव्हा रेडियस हे हाड अल्ना या शेजारच्या हाडावर आडवं येतं. मनगटाजवळची कातडी त्याच्याबरोबर वळते, कोपराजवळची फारशी हलत नाही. कागदावर हा पीळ कळत नाही. संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलला सांधे जोडले, हात वळवला, की सुई लागण्याआधीच तो पडद्यावर दिसतो. अशा मॉडेलची खरी किंमत मला इथे वाटते, गिऱ्हाइकाला भुरळ घालणाऱ्या चकचकीत चित्रांत नाही.

साधनं आवाक्यातली आहेत. ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलचं सॉफ्टवेअर 2002 पासून मुक्त स्रोत आहे आणि फुकट मिळतं. आयपॅडवरच्या प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये 2021 पासून मॉडेलवर थेट ब्रश चालवता येतो. गिऱ्हाइकाचाच हात हवा असेल, तर सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्यांवरून मॉडेल तयार करता येतं.

अवघड काम पुढे आहे. मॉडेलवरचं चित्र स्टेन्सिलसाठी पुन्हा सपाट करावं लागतं. गोलाकार पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसने 1827 मध्ये सिद्ध केलं. कोपराखालचा हात शंकूसारखा, म्हणून बराचसा सरळ उलगडतो. खांदा आणि गुडघा मात्र दोन्ही दिशांनी फुगलेले, तिथे कागदाला कात्रीने चिरा देऊनच तो बसवावा लागतो. उलगडताना शिवण कुठे घ्यायची, हा निर्णय कलाकाराचा. पूर्ण बाहीच्या नक्षीत ती दंडाच्या आतल्या बाजूला घेतलेली बरी; तिथे सहसा नजर जात नाही.

आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायका थेट कातडीवरच काम करत, त्यामुळे उलगडण्याचा हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. मॉडेललाही अखेर कातडीपाशीच यावं लागतं. ते श्वास घेत नाही, बरगड्यांवरची नक्षी श्वासागणिक किती हलेल हे सांगत नाही. म्हणून स्टेन्सिल उभ्या माणसावर लावायचं, त्याला आरशात पाहू द्यायचं, पटलं नाही तर पुसून पुन्हा लावायचं.

जुना टॅटू झाकायचा असेल तर मॉडेलचा उपयोग आणखी वाढतो. शाई अपारदर्शक नसते, जुनी रेघ नव्या फिक्या रंगाखालून दिसत राहते. फोटोंवरून केलेल्या मॉडेलवर जुनी रेघ जागच्या जागी असते. तिच्यावर पानाची गडद बाजू येते की पाकळीची फिकी, हे नक्षी सरकवून, फिरवून आधीच ठरवता येतं.